मेंढीचे कातडे आणि मेणाची मुद्रा: वेल्सच्या जमीनदारांची दप्तरे

आजचा धागा लांब आहे आणि त्याचा विषय प्रथमदर्शनी रुक्ष वाटेल: वेल्समधल्या जुन्या जमीनदार घराण्यांची खरेदीखते, गहाणखते, भाडेपट्टे आणि पत्रव्यवहार. यात लढाया फार थोड्या आहेत. शेवटाकडे मात्र एक लढाई आपल्या कोकण किनाऱ्यावरची आहे. मुख्य कथा अशी: एका डोंगराळ देशातली जमीन हजारो लहान भाऊबंदांच्या हातून निसटत मोजक्या घराण्यांच्या हाती कशी गेली. या निसटण्याचा पुरावा ज्यांनी जमीन मिळवली त्यांनीच पिढ्यान्‌पिढ्या कुलूपबंद पेट्यांत जपून ठेवला. मालकी सिद्ध करण्यासाठी जपलेला कागद पुढे मालकाविरुद्धही साक्ष देतो, हे त्यांच्या मनात आले नसावे.

ही दप्तरे आज मुख्यतः दोन ठिकाणी आहेत. पहिले म्हणजे १९०७ साली राजसनदेने स्थापन झालेले वेल्सचे राष्ट्रीय ग्रंथालय, अ‍ॅबरिस्टविथ गावात समुद्राकडे तोंड करून टेकडीवर उभे असलेले. दुसरे म्हणजे उत्तरेकडील बँगोर विद्यापीठाचा पुराभिलेख विभाग. विनस्टे, चर्क, पॉविस, मार्गम, ट्रेडेगर, पेनरिन, मॉस्टिन ही तिथल्या संग्रहांची नावे, आणि हीच त्या घराण्यांच्या वाड्यांची नावे. वाडे पडले, विकले गेले, काहींची वसतिगृहे झाली. दप्तर उरले.

आधी वस्तू हातात घेऊन पाहू.

जुने खत कागदावर नसते, चर्मपत्रावर असते, आणि ते चर्मपत्र बहुधा मेंढीच्या कातड्याचे. मेंढी स्वस्त, हे एक कारण. दुसरे कारण अधिक मजेशीर आहे. मेंढीच्या कातड्याच्या थरांमध्ये चरबी फार असते. कमावताना ती निघून गेली की थर सैल राहतात. त्यामुळे कोणी अक्षर खरवडून रक्कम बदलू पाहिली, तर वरचा थर सुटून येतो आणि लबाडी उघडी पडते. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजखजिन्याचा कारभार सांगणाऱ्या एका लॅटिन ग्रंथातही हिशेबासाठी मेंढीचेच कातडे वापरावे, कारण त्यावर खाडाखोड लपत नाही, असा सल्ला आहे.

खोटेपणा रोखण्याची दुसरी युक्ती कापण्यात होती. एकाच कातड्यावर करार दोनदा लिहायचा, मध्ये जागा सोडून तिथे मोठ्या अक्षरांत एखादा शब्द लिहायचा, आणि नेमका त्या शब्दातून नागमोडी छेद द्यायचा. एक तुकडा देणाऱ्याकडे, एक घेणाऱ्याकडे. वाद झालाच तर दोन्ही तुकडे शेजारी ठेवायचे; दाते दात्यांत बसले आणि अक्षरे जुळली तर खत खरे. इंग्रजीत अशा खताला मिळालेले ‘इंडेंचर’ हे नाव दातांवरूनच आले आहे. खाली चामड्याच्या पट्टीला लोंबणारी मेणाची मुद्रा असे. लिहिता न येणाऱ्या लहान शेतकऱ्याचीही मुद्रा असे, आणि त्यावर फूल, तारा, पक्षी असे काहीतरी साधे चिन्ह कोरलेले असे. मार्गमच्या संग्रहातल्या अशा मुद्रा पाहताना मला नेहमी वाटते, की त्या माणसाच्या आयुष्यातली टिकून राहिलेली एकुलती एक वस्तू कदाचित हीच असेल, आणि तीही त्याने जमीन सोडून देतानाची.

एक गोष्ट लक्षात ठेवा: जुन्या काळात केवळ खत लिहून जमीन हस्तांतरित होत नसे. त्या जमिनीवर उभे राहून, साक्षीदारांसमक्ष, मातीचे ढेकूळ किंवा झाडाची डहाळी घेणाऱ्याच्या हातात द्यावी लागे. खत म्हणजे त्या कृतीची आठवण.

आता मूळ प्रश्नाकडे. वेल्समध्ये जमीन कोणाची होती?

वेल्सच्या देशी कायद्याची परंपरा दहाव्या शतकातल्या हउएल धा या राजाच्या नावाने सांगितली जाते. त्या कायद्यात वडिलार्जित जमीन एका माणसाची नव्हे, कुळाची. अशा जमिनीच्या गटाला ‘ग्वेली’ म्हणत. शब्दाचा साधा अर्थ ‘बिछाना’. बाप मेला की सर्व मुलांना समान वाटणी. बापाने आपला म्हणून स्वीकारलेला अनौरस मुलगाही त्यात आला. पुढे चुलत भाऊ आणि त्यानंतर चुलत-चुलत भाऊ पुन्हा एकदा फेरवाटणी मागू शकत. ज्यांच्या घरच्या सातबाऱ्यावर अकरा नावे आहेत त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

१२८२ साली शेवटचा स्वतंत्र वेल्श राजपुत्र ल्लिवेलिन मारला गेला आणि पहिल्या एडवर्डने देश जिंकला. १२८४च्या ऱ्हिदलानच्या कायद्याने फौजदारी बाबतींत इंग्रजी पद्धत आणली, पण वाटणीचा देशी वारसा तसाच राहू दिला. बदल दोनच: अनौरस मुलांचा हक्क काढून घेतला, आणि मुलगे नसतील तर मुलींना वारसा दिला.

या कायद्यात मोठ्या जमीनदाराला एक अडचण होती, आणि सगळा इतिहास त्या अडचणीभोवती फिरतो. कुळाची जमीन विकता येत नसे. पुढच्या पिढीचा हक्क आजचा मालक बुडवू शकत नव्हता. मग महत्त्वाकांक्षी माणसाने जमीन गोळा करायची कशी?

उत्तर होते ‘प्रीड’. हे एक प्रकारचे गहाणखत. गरजू शेतकरी आपली जमीन रोख रकमेच्या बदल्यात चार वर्षांसाठी सावकाराकडे देई. चार वर्षांनी पैसे परत केले तर जमीन परत. नाही केले तर आणखी चार वर्षे, मग पुन्हा चार, आणि असेच पुढे. कागदावर जमीन विकलेली नाही, म्हणून कायदा मोडलेला नाही. प्रत्यक्षात रक्कम जवळजवळ पूर्ण किमतीइतकी असे आणि ती कधीच परत होत नसे. लॅटिनमध्ये लिहिलेल्या खतात मध्येच हा एक वेल्श शब्द येतो, कारण लॅटिनमध्ये नेमके असे काही नव्हतेच. चौदाव्या-पंधराव्या शतकांतल्या दप्तरांत ही प्रीडखते पुष्कळ आहेत. प्लेग, करांचा बोजा, दुष्काळ, बंड: प्रत्येक संकटानंतर कोणीतरी जमीन ‘चार वर्षांसाठी’ दिली आहे.

या खेळातला पट्टीचा खेळाडू म्हणजे ग्विलिम आप ग्रिफिद, पेनरिन इस्टेटीचा खरा संस्थापक. त्याची पहिली पत्नी अँगलसी बेटावरच्या पेनमिनिदच्या ट्युडर घराण्यातली. १४०० साली ओवेन ग्लिनदूरने इंग्रजी सत्तेविरुद्ध बंड उभारले आणि १४०१मध्ये पत्नीच्या दोन काकांनी कॉनवीचा किल्ला धाडसाने घेतला. ग्विलिमही बंडात सामील झाला. पण वारा कोणत्या दिशेने वाहतो हे त्याने इतरांआधी ओळखले, लवकर शरण गेला, आणि जे शरण गेले नाहीत त्यांच्या जप्त जमिनी पदरात पाडून घेतल्या. त्यात सासुरवाडीच्या जमिनीही होत्या. ज्या ट्युडरांच्या दुसऱ्या शाखेतला मुलगा १४८५मध्ये इंग्लंडचा राजा सातवा हेन्री झाला, त्यांची वडिलोपार्जित जमीन तोवर बव्हंशी पेनरिनच्या दप्तरात जमा झालेली होती.

ग्विलिमने पुढे चेशरमधल्या स्टॅन्ली या इंग्रज घराण्यातल्या स्त्रीशी दुसरा विवाह केला आणि पेनरिन तिच्या मुलाकडे गेले. बंडानंतर वेल्श माणसावर कडक निर्बंध होते. त्याला इंग्रजी नगरांत जमीन घेता येत नसे. म्हणून त्या मुलाने अर्ज केला, की आपल्या अंगात बहुतांश इंग्रज रक्त आहे, तेव्हा आपल्याला इंग्रज समजावे. १४४०च्या सुमारास ती विनंती मान्य झाली. त्याला केवळ फितूर म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. कायद्याने माणसाच्या रक्तावर जमिनीचा हक्क टांगला, की रक्ताचा हिशेब मांडणारे अर्ज येणारच.

या काळाचा मानसिक ताण समजून घ्यायचा असेल तर सर जॉन विन यांनी लिहिलेला ग्विदिर घराण्याचा इतिहास पाहावा. विन (१५५३ ते १६२७) स्वतः मोठे जमीनदार आणि तितकेच मोठे भांडखोर. त्यांच्या घराण्याची हजारो पत्रे आज राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. आपल्या मारेदिद आप येवान या पूर्वजाविषयी ते सांगतात, की तो आपला आयव्हिओनिदचा सुपीक मुलूख सोडून डोल्विदेलानच्या रानात राहायला गेला. ते खोरे लुटारू आणि फरार गुन्हेगारांनी भरलेले होते. तरी का गेला? कारण घरी राहिलो तर एकतर मला भावकीला मारावे लागेल, नाहीतर भावकी मला मारेल. त्यापेक्षा चोरांशी लढणे बरे. भाऊबंदकी हा शब्द आपल्या भाषेने घडवला असला, तरी तिच्यावर आपली मक्तेदारी नाही.

मग १५३६ आणि १५४३चे कायदे आले. आठव्या हेन्रीने वेल्स इंग्लंडला जोडून टाकले. न्यायालयाची भाषा इंग्रजी झाली, वेल्शच बोलणाऱ्याला सरकारी पद बंद झाले, आणि समान वाटणीचा वारसा संपून सर्व जमीन थोरल्या मुलाकडे जाऊ लागली. प्रीडखताची गरज उरली नाही. आता सरळ विकत घेता येत होते. ज्यांनी दोनशे वर्षे आडवाटेने जमवले, त्यांना नव्या कायद्याने राजमार्ग बांधून दिला.

नावेही बदलली. वेल्श माणूस ‘अमुक आप तमुक’ असे बाप-आजोबांच्या साखळीतून ओळखला जाई. ‘आप’ म्हणजे ‘चा मुलगा’. एक आख्यायिका अशी, की ज्युरीची नावे वाचताना थॉमस आप रिचर्ड आप हाऊएल आप येवान ही लांबलचक माळ ऐकून इंग्रज न्यायाधीश वैतागला आणि म्हणाला, एकच नाव ठेवा. आणि थॉमसने आपल्या वाड्याचे ‘मॉस्टिन’ हे नाव घेतले. गोष्ट शब्दशः खरी नसेल, पण सोळाव्या शतकातली खते एकापुढे एक ठेवली तर ‘आप’ गळत गेलेला डोळ्यांना दिसतो. आजोबा साखळीतला, नातू आडनावाचा.

मार्गमची हकिगत थोडी वेगळी आहे, आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. दक्षिण किनाऱ्यावरचा हा सिस्टर्शियन मठ ११४७ साली स्थापन झाला. आसपासच्या लहान वेल्श जमीनधारकांनी मठाला शेते दिली, कुरणे दिली. पण कुळाची जमीन एकट्याने देता येत नसल्याने भिक्षूंना प्रत्येक दानानंतर भाऊ, मुलगे, पुतणे यांच्याकडून ‘आमचा हक्क राहिला नाही’ अशी वेगवेगळी खते लिहून घ्यावी लागली. मठाला नकोशा वाटलेल्या या खटाटोपामुळे बाराव्या-तेराव्या शतकांतली साध्या माणसांची घराणीच्या घराणी आपल्याला नावानिशी माहीत आहेत.

१५३६मध्ये राजाने मठ बरखास्त केला. १५४०मध्ये सर राइस मॅन्सेल यांनी मठाची जमीन विकत घेतली. जमिनीबरोबर मठाची सारी खतेही आली, कारण तीच मालकीचा पाया. इंग्लंड-वेल्समधल्या कितीतरी मठांचे कागद त्या धामधुमीत नष्ट झाले. मार्गमचे वाचले ते केवळ एका सरदाराला दावे जिंकायचे होते म्हणून. १७५०मध्ये मॅन्सेलांची पुरुषशाखा खुंटली आणि इस्टेट इंग्लंडमधल्या टॅलबट घराण्याकडे गेली. अठराव्या शतकात वेल्समधल्या अनेक जुन्या घराण्यांचे हेच झाले: मुलगा नाही, मुलगी वारस, जावई परका. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एमिली शार्लट टॅलबट या मालकीणबाईंनी स्वखर्चाने वॉल्टर डी ग्रे बर्च या अभ्यासकाकडून सगळ्या दप्तराची खंडवार सूची करवून घेतली. संशोधक आजही ती उघडतात.

आतापर्यंत जमीन घेणाऱ्यांविषयी बोललो. कसणारा कुठे आहे?

तो भाडेपट्ट्यात आहे. वेल्समध्ये ‘तीन जिवांचा’ पट्टा फार प्रचलित होता. पट्ट्यात तीन माणसांची नावे लिहायची. त्या तिघांतला शेवटचा जिवंत असेपर्यंत जमीन कुळाकडे. म्हणून शहाणा शेतकरी स्वतःचे, बायकोचे आणि पाळण्यातल्या बाळाचे नाव घालत असे. बाळ देवीच्या साथीत गेले, की घराचे दुःख आणि पट्ट्याचे गणित दोन्ही एकदमच कोसळत. खंड रोख असे, पण त्याखाली इतर देणी असत: नाताळला पुष्ट कोंबड्या, कापणीचे ठरलेले दिवस, मालकाचा कोळसा वाहून आणणे, मालकाचा शिकारी कुत्रा पोसणे. कूळ मेले तर त्याचे सर्वोत्तम जनावर मालकाचे.

हे पट्टे आधी लॅटिनमध्ये, मग इंग्रजीत. कुळाची भाषा वेल्श. ज्या कागदावर त्याचे घर टिकून होते तो त्याला बहुधा वाचताच येत नसे. तरीही वेल्श भाषा त्या कागदात शिरलीच, शेतांच्या नावांतून. ‘काय’ म्हणजे कुंपणाचे शेत, ‘डोल’ म्हणजे नदीकाठचे कुरण, ‘तिदिन’ म्हणजे लहान वाडी. इंग्रज कारकुनाला जमिनीची हद्द सांगायची तर हे शब्द ऐकून, चुकतमाकत का होईना, लिहावेच लागले. अठराव्या शतकातल्या रंगीत इस्टेट-नकाशांवर ही नावे शेतागणिक आहेत. २०१६च्या वेल्समधील वारसा-कायद्यानुसार ऐतिहासिक स्थलनामांची अधिकृत यादी तयार झाली, आणि तिच्यात जुन्या नकाशांतली लाखो नावे आहेत.

आता पुन्हा पेनरिन. ग्विलिमच्या वंशजांकडून इस्टेट सतराव्या शतकात विल्यम्स घराण्याकडे गेली, मग मुलींच्या वाट्यांत विभागली, आणि १७६५मध्ये एका वारस कन्येशी विवाह करून रिचर्ड पेनन्ट तिथे आला. हा लिव्हरपूलचा खासदार. त्याच्या घराण्याचा पैसा जमैकातल्या क्लॅरेंडन परगण्यातल्या उसाच्या मळ्यांतून आणि तिथे राबणाऱ्या गुलाम आफ्रिकी माणसांच्या श्रमातून आलेला. साखर-मळेवाल्यांच्या लंडनमधल्या संघटनेचा तो अध्यक्ष होता आणि संसदेत त्याने गुलामांच्या व्यापाराची वारंवार पाठराखण केली.

बँगोरच्या पेनरिन संग्रहात जमैकाचे कागद आहेत: मुनिमांना पाठवलेली पत्रे, साखर आणि रमचे हिशेब, आणि याद्या. या याद्यांत माणसे आणि गुरे एकाच मालमत्तेची दोन कलमे म्हणून येतात. प्रीडखत वाचताना आपल्याला अन्याय शोधावा लागतो. तो कायद्याच्या भाषेखाली दडलेला असतो. इथे काहीच दडवलेले नाही. लिहिणाऱ्याला दडवण्यासारखे काही आहे असे वाटलेलेच नाही.

त्याच पैशातून वेल्समधला डोंगर फोडला गेला. त्यावर स्थानिक माणसे लहान लहान खाणींतून पाटीचा दगड काढत आणि मालकाला थोडे भाडे देत. १७८२मध्ये पेनन्टने त्यांचे हक्क संपवून सगळा डोंगर एका खाणीखाली आणला. पुढे बंदर बांधले, १८०१मध्ये खाणीपासून बंदरापर्यंत रुळमार्ग टाकला. त्याच्या वारसाने नॉर्मन शैलीतला प्रचंड किल्लेवजा वाडा उभारला. १८३३च्या कायद्याने गुलामगिरी रद्द झाली तेव्हा या वारसाला, जॉर्ज हे डॉकिन्स-पेनन्टला, ७६४ माणसांबद्दल १४,६८३ पौंड १७ शिलिंग २ पेन्स भरपाई मिळाली. त्या ७६४ जणांना काही मिळाले नाही.

नोव्हेंबर १९००मध्ये याच खाणीतले सुमारे २,८०० कामगार बाहेर पडले आणि झगडा तीन वर्षे चालला. ‘या घरात फितूर नाही’ अशा अर्थाची वेल्श पाटी बेथेस्डा गावातल्या घराघरांच्या खिडकीत लागली. काही कामावर परतले, त्यांच्या खिडकीतून पाटी उतरली, आणि शेजाऱ्यांमधला तो दुरावा पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचला. ग्विलिमच्या शरणागतीनंतर पाचशे वर्षांनी त्याच इस्टेटीवर कोण टिकले आणि कोण फुटले हाच प्रश्न पुन्हा उभा होता. या वेळी मात्र त्याचे उत्तर जमीनदाराच्या दप्तराबाहेर, खिडक्यांत लिहिले गेले.

आता कोकण. फेब्रुवारी १७५६मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसनच्या आरमाराने विजयदुर्गावर, म्हणजे इंग्रजांच्या घेरियावर, तोफा डागल्या. तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. पेशवे आणि इंग्रज या मोहिमेत एका बाजूला होते, हे मराठी माणसाला आजही टोचते. जमिनीवरच्या इंग्रज तुकडीचा सेनापती होता रॉबर्ट क्लाइव्ह. किल्ल्यातली लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली आणि किल्ला पेशव्यांच्या हवाली करायला महिने लावले. पुढच्याच वर्षी प्लासी झाली आणि बंगालमधून क्लाइव्हकडे अफाट संपत्ती आली.

ती संपत्ती वेल्समध्ये कशी पोहोचली? विवाहाच्या करारपत्रातून. १७८४मध्ये क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड याने पॉविसच्या हर्बर्ट घराण्यातल्या हेन्रिएटाशी लग्न केले. हर्बर्टांकडे जुने नाव, लाल दगडाचा किल्ला आणि कर्ज, क्लाइव्हकडे पैसा. एडवर्ड १७९८ ते १८०३ मद्रासचा गव्हर्नर होता. १७९९मध्ये श्रीरंगपट्टण पडले ते याच काळात, आणि टिपू सुलतानाचा छापील कापडी तंबू आज पॉविसमध्येच आहे. हेन्रिएटाचा भाऊ अविवाहित वारला. १८०४मध्ये एडवर्डला पॉविसचा अर्ल ही पदवी मिळाली. त्यांच्या मुलाने १८०७मध्ये क्लाइव्ह हे आडनाव टाकून हर्बर्ट घेतले, कारण मामाची इस्टेट हवी तर मामाचे नाव हवे. ज्या नावाने पैसा आणला ते तीन वर्षांत मागे पडले. असा गुपचूप झालेला बदल दप्तरातच पकडता येतो.

सगळेच कागद वाचले असे समजू नका. १८०७मध्ये हॅवडचा वाडा जळाला आणि थॉमस जोन्सचे ग्रंथालय गेले. १८५८मध्ये विनस्टेला आग लागून हस्तलिखितांचा अमोल साठा राख झाला. विनस्टेचे सर वॉटकिन विल्यम्स-विन म्हणजे वेल्समधले सर्वांत मोठे जमीनदार. १८७०च्या दशकातल्या मोजणीत त्यांच्याकडे १,४०,००० एकरांहून अधिक जमीन होती.

अग्नीपेक्षा कायद्याने अधिक नुकसान केले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेल्समधली जवळजवळ नऊ दशांश जमीन कुळे कसत होती. १८६८च्या निवडणुकीत मालकाविरुद्ध मत दिले म्हणून काही कुळांना घरातून काढण्यात आले. १८७२मध्ये गुप्त मतदान आले त्याला ही पार्श्वभूमी होती. १८९३मध्ये वेल्समधल्या जमिनीच्या प्रश्नावर शाही आयोग नेमला गेला. मग मृत्युकर वाढले, महायुद्धात वारस मेले, आणि १९१०पासून पुढच्या दोन दशकांत इस्टेटी तुकड्यांनी विकल्या गेल्या. पुष्कळदा खरेदीदार म्हणजे तिथलीच कुळे. १९२५च्या मालमत्ता-कायद्यानंतर मालकी दाखवायला शेकडो वर्षांची खते लागेनाशी झाली. वकिलांच्या कचेऱ्यांत साचलेले चर्मपत्रांचे ढीग एकाएकी निरुपयोगी ठरले. कितीतरी खतांच्या दिव्यांवरच्या शोभेच्या छत्र्या झाल्या, कारण कातड्यातून येणारा उजेड उबदार दिसतो. अशी खते वाचवण्यासाठी १९३२मध्ये ब्रिटिश रेकॉर्ड्स असोसिएशन ही संस्था निघाली. वेल्समध्ये ग्रंथालयाची माणसे वाड्यावाड्यांतून पेट्या गोळा करत होतीच.

पेनरिनचा वाडा १९५१मध्ये नॅशनल ट्रस्टकडे गेला. ज्यांना पुढे स्वतः शोध घ्यायचा आहे त्यांच्यासाठी: लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने गुलामगिरीच्या भरपाईच्या नोंदी विनामूल्य संकेतस्थळावर ठेवल्या आहेत. तिथे पेनन्ट हे आडनाव शोधा. मालकाचे नाव, मळ्याचे नाव, माणसांची संख्या आणि रक्कम, शेवटच्या पेन्सपर्यंत मिळेल. माणसांची नावे तिथे नाहीत. त्यासाठी १८१७पासूनच्या जमैकाच्या नोंदवह्या उघडाव्या लागतात.